चकाकीला गुण देणाऱ्या परीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
क्लासिक कारच्या स्पर्धांमधले सर्व परीक्षक आणि संयोजक

सप्रेम नमस्कार.

जुन्या स्पोर्ट्स कार सोडवून, दुरुस्त करून पुन्हा उभ्या करणारी आम्ही मंडळी. तुमच्या गुणपत्रिकेबद्दल हे पत्र आहे. तुम्ही ज्याला गुण देता, तेच काम वर्कशॉपमध्ये होतं. मालक गाडी घेऊन येतो तेव्हा त्याच्या डोक्यात तुमच्या मागच्या वर्षीच्या शेऱ्यांची यादी असते: दाराची फट एकसारखी नाही, बॉनेटच्या टोकाला खडीचा टवका, इंजिनावर तेलाचा ओघळ. सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या लांबट पेटीच्या, आत काय आहे, याचा शेरा त्या यादीत कधीच नसतो. मग पैसा आणि वेळ कुठे जाणार हे ठरलेलंच. पत्र्यावरच्या रंगाला सगळं मिळतं आणि पत्र्याला उरलंसुरलं.

आमची मागणी एकच आहे. गाडी म्हणून ती किती खरी आणि किती धड आहे, यालाही गुण द्या. हे तुम्ही मैदानावर, हातात असलेल्या दहा-पंधरा मिनिटांत तपासू शकता. ते कसं, हे सांगायलाच हे पत्र लिहिलं आहे.

सुरुवात सिलपासून, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथेच होते. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे स्पर्धेत ती हमखास दिसते. उघड्या टपाची, वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसलेली गाडी. छताचा आधार नाही, म्हणजे पुढचं आणि मागचं धूड एकमेकांना धरून ठेवायचं काम दाराखालच्या सिलवर येतं. हा सिल एका पत्र्याचा नसतो. बाहेरचा सिल, आतला सिल, त्यांच्या मधोमध उभा पडदा आणि खाली फ्लोअरला जोडणारी पट्टी, असे सगळे मिळून एक बंद पेटी होते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल फेंडरच्या मागच्या कोपऱ्यात साठतो, ओल धरतो आणि पेटी आतून खायला लागतो. बाहेरून फोड दिसेपर्यंत मधला पडदा बहुतेक गेलेला असतो.

धड काम करायचं तर क्रम असा: गाडी चाकांच्या जवळ, ॲक्सलखाली घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायची. दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरपा लोखंडी टेकू वेल्ड करायचा. दार बसवून फटी मोजून लिहून ठेवायच्या आणि मगच कापायला घ्यायचं. तेही एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापले की गाडी मधून वाकते, आणि तशीच वेल्ड केली तर तो बाक कायमचा राहतो. जुने स्पॉट वेल्ड आठ मिलिमीटरच्या कटरने सोडवायचे. आतल्या, नंतर कधीच न दिसणाऱ्या पृष्ठभागांवर वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर मारायचा. नवा पत्रा क्लॅम्पने धरून दार पुन्हा बसवून पाहायचं आणि फट जुळली की मगच टाके, म्हणजे छोटे छोटे वेल्ड. एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पत्र्याला ०.६ मिलिमीटरची वेल्डिंगची तार पुरते. टाके सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे, एक इथे तर दुसरा लांब. एका दमात ओढलेली वेल्ड पत्र्याला लाटा आणते. रंग झाल्यावर शेवटी पेटीच्या आत मेण फवारायचं आणि खालची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना, ते तारेने पाहायचं.

ही मेहनत टाळायची असेल तर सडलेल्या सिलवर नवा कव्हर सिल चढवतात, कडा लांबीने (पुटीने) बुजवतात, त्यावर रंग आणि खालून जाड डांबरी थर. उन्हात तो दृष्ट लागण्यासारखा दिसतो. डांबराने भोकं बुजलेली असतात, त्यामुळे आत शिरलेलं पाणी आतच राहतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत नवा पत्राही खातं.

हे ओळखायला सिल कापून पाहायची गरज नाही. मालकाला सांगा, गाडीच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून एक बाजू चाक सुटेपर्यंत उचला. आता दार उघडा आणि लावा. सांगाडा धड असेल तर दार होतं तसंच लागेल. कमकुवत असेल तर दाराच्या मागच्या कडेची फट वरच्या बाजूला बदललेली दिसेल, दार घासेल किंवा कुलूप बसणारच नाही. एक मिनिटाचं काम आहे. ज्याने सिल मनापासून केलेत, तो स्वतः जॅक आणून देईल.

सगळ्याच गाड्या एकाच जागी सडत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. जॅग्वार ई-टाइप १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली, तेव्हापासून सगळ्यांची नजर तिच्या बॉनेटवर खिळलेली आहे. तुम्ही मात्र बॉनेट उघडल्यावर इंजिनाभोवतीचा चौकोनी नळ्यांचा सांगाडा बघा. तो बोल्टने जोडलेला असतो आणि नळ्या आतून गंजतात. त्यावर जाड पावडर कोटिंग चढवलं की चीर पडलेली नळी आणि नवी नळी सारखीच दिसतात. लोटस एलानची बॉडी फायबरची, म्हणून गंजाचा प्रश्नच नाही असं समजू नका. तिचा कणा आत लपलेली पत्र्याची चासी आहे. सुरुवातीच्या एलानमध्ये वर येणाऱ्या दिव्यांसाठीचा व्हॅक्युम त्या चासीच्या पुढच्या आडव्या भागातच साठवतात. दिवे वर टिकत नसतील तर एखादी नळी सुटली असेल, किंवा तिथला पत्रा आरपार गेला असेल. पोर्शे ९११ बाबत एक साल पाठ असू द्या: १९७६ च्या मॉडेलपासून तिच्या सांगाड्याला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला. त्याआधीची ९११ कुठेही न जोडलेली, गंजाचा मागमूस नसलेली म्हणून समोर आली, तर फोटो मागा.

ॲल्युमिनियमच्या बॉडीचं दुखणं आणखी वेगळं. ॲस्टन मार्टिन डीबी४, डीबी५ यांसारख्या सुपरलेजेरा पद्धतीच्या गाड्यांत पोलादी नळ्यांच्या जाळीवर ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळलेला असतो. दोन धातू भिडले आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. म्हणून नळी आणि पत्र्याच्या मध्ये कापडाचा किंवा तसाच कसला तरी थर हवा. तो दिसणार नाही हे आम्हालाही माहीत आहे, पण काम चालू असतानाच्या फोटोत दिसेल.

आता फटींचा विषय. यावर आमचा तुमच्याशी सगळ्यात मोठा मतभेद आहे. साठच्या दशकात या गाड्यांचे पत्रे हाताने जुळवले जायचे. पाच-सहा मिलिमीटरची फट, ती वर थोडी कमी आणि खाली थोडी जास्त, अशाच त्या कारखान्यातून निघायच्या. आज तुमच्या गुणांपायी दाराच्या कडेवर तार वेल्ड करून, घासून तीन मिलिमीटरची एकसारखी फट काढली जाते. मैदानावर सुरेखच दिसते. पण उघड्या टपाची गाडी रस्त्यावर पिळवटते, ती तशीच बनवलेली आहे. खड्ड्यातून एक चाक गेलं की दार आणि फेंडर यांच्यातलं अंतर हलतं. पाच मिलिमीटरमध्ये ते खपून जातं. तीन मिलिमीटरमध्ये कडा कडेला भिडते आणि रंगाचा टवका उडतो. मालक एकदाच हा अनुभव घेतो. त्यानंतर गाडी ट्रेलरवरून येते आणि ट्रेलरवरूनच जाते.

ट्रेलरवर जगणाऱ्या गाडीचं काय होतं, तेही पाहा. ती वर्षातून पाच-सहा वेळा, फक्त चढवण्या-उतरवण्यापुरती सुरू होते. थंड इंजिन, चोक ओढलेला. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन नेतं. जळणातून तयार होणारी वाफ सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) आणि सायलेन्सरमध्ये थंड होऊन पाणी होते. हे पाणी उडून जायला तेल ऐंशी-नव्वद अंशांवर काही वेळ राहावं लागतं, म्हणजे अर्धा-पाऊण तास नीट चालवावी लागते. दोन मिनिटांत बंद केलेली गाडी सुरूच न केलेल्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते, ब्रेकचे पिस्टन अडकतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा धरतो.

रंग वाचवायच्या नादात ब्रेक ऑइलही बदललं जातं. नेहमीचं डॉट ४ रंगावर सांडलं तर रंग उकलतो, म्हणून प्रदर्शनाच्या गाड्यांत सिलिकॉनचं डॉट ५ भरतात. डॉट ४ हवेतली ओल स्वतःत मुरवून घेतं. दर दोन वर्षांनी बदललं की प्रश्न मिटतो. डॉट ५ मध्ये पाणी मुरत नाही, त्याचा थेंब तसाच राहतो आणि सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये जाऊन बसतो. पिस्टनला तिथेच खड्डे पडतात. शिवाय ही दोन्ही तेलं एकमेकांत मिसळायची नसतात. सिलिकॉन वापरणं चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. पण सगळी जुनी रबरं बदलून, नळ्या कोरड्या करून ते भरलं का, हे विचारा. आणि लवचीक होज हाताने दाबून पाहा. रबर आतून सुजलं की पेडल सोडल्यावरही तेल मागे येत नाही आणि ब्रेक लागलेलाच राहतो. वरून स्टीलची चकचकीत वीण असली की आतलं रबर डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोलच्या होजचंही तसंच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबराला मऊ करून फोडतं, आणि ते फुटतं गरम एक्झॉस्टच्या वर.

चकाकीचा आणखी एक तोटा बोल्टपाशी होतो. पावडर कोटिंगचा एक थर साठ ते शंभर मायक्रॉनचा असतो. सस्पेन्शनचा ब्रॅकेट आणि चासी यांच्यामध्ये असे दोन-तीन थर आले की बोल्ट पान्याने नेमका आवळला तरी काही शे किलोमीटरमध्ये थर दबतो आणि बोल्ट सैल पडतो. चाकाच्या नटाच्या बैठकीवर कोटिंग असेल तर हे जिवावर बेतू शकतं. जिथे धातू धातूला आवळला जातो, ती जागा मास्किंग करून उघडी ठेवायची असते. कोटिंगचाच दुसरा त्रास अर्थिंगचा. सगळं सुंदर रंगवलं की करंटला परतीची वाट राहत नाही. दिवे मंद होतात, पेट्रोलचा काटा डोलतो, स्टार्टर रडतो. हेडलाइट लावून दिव्याची अर्थ आणि बॅटरीची अर्थ यांच्यामध्ये व्होल्टमीटर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठेतरी बोल्टखाली रंग आहे.

आणि क्रोम केलेले विशबोन (चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे), क्रोम केलेले बोल्ट कृपा करून बक्षिसासाठी उचलू नका. उच्च ताणाच्या पोलादावर क्रोम चढवताना हायड्रोजन आत शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. मुलामा दिल्यावर लगेच, साधारण दोनशे अंशांवर काही तास भाजलं तरच तो बाहेर पडतो. भाजलं की नाही, हे वस्तूकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. मूळ गाडीत तो भाग काळ्या रंगाचा किंवा जस्ताच्या मुलाम्याचा असेल, तर क्रोमला गुण वजा व्हायला हवेत.

रंगाची जाडी मोजायचं मीटर बहुतेक परीक्षकांकडे असतं. ते वाचताना थोडं तारतम्य लागतं. त्या काळचा कारखान्याचा रंग शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास असायचा. नीट केलेलं नवं काम दोनशे-तीनशे दाखवतं. पाचशेच्या वर गेलं की खाली लांबी असण्याची शक्यता धरा आणि हजारच्या पुढे शंकाच नको. एक अपवाद मात्र आहे: अनेक गाड्यांचे सांधे कारखान्यातच शिसे-कथिलाने भरलेले असत. तिथेही आकडा मोठा येतो आणि लोहचुंबक सैल धरतो. सांध्याच्या जागी जाड आलं तर ते मूळ काम असू शकतं. दाराच्या मधोमध जाड आलं तर लांबी. लोहचुंबकीय मीटर ॲल्युमिनियमवर चालत नाही, त्यासाठी एडी करंटचं लागतं. आणि आकडा फार कमी व सगळीकडे वेगवेगळा आला तर त्या मालकाला शाबासकी द्या. तो बहुधा मूळ रंग आहे, वर्षानुवर्षं पॉलिश होऊन पातळ झालेला.

हा मूळ रंग आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एकदा पत्र्यापर्यंत खरवडला की कारखान्याने कोणती छटा, किती थर, कुठे फवारा अर्धवट सोडला होता, हे सगळं गेलं. डॅशबोर्डच्या मागे, काचेच्या रबराखाली, डिकीच्या बिजागराजवळ तो शेवटी उरलेला असतो आणि पुढच्या प्रत्येक पुनर्बांधणीला तोच साक्षीदार असतो. 'फिवा' या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिन सनद हेच सांगते: आधी जपा, मग सांभाळून दुरुस्त करा, नव्याने बांधणं शेवटी. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीचच्या नामांकित स्पर्धेत सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला, आणि ती नव्याने बांधलेली नाही, जपलेली गाडी होती. तिथे हे पहिल्यांदाच घडलं. जे तिथे होऊ शकतं, ते तुमच्या मैदानावर का होऊ नये? त्याच स्पर्धेत एका गटात दोन गाड्यांचे गुण सारखे झाले, तर आदल्या दिवसांतला रस्त्यावरचा दौरा पूर्ण केलेल्या गाडीला झुकतं माप मिळतं. एवढा एक नियम तुम्ही घेतलात तरी पुष्कळ गाड्या ट्रेलरवरून खाली उतरतील.

इंजिन नंबरांबद्दल थोडक्यात. चासी आणि इंजिनचा नंबर कारखान्याच्या नोंदींशी जुळला की गुण देता, ते योग्यच आहे. पण न जुळणाऱ्या इंजिनाला इतकी जबर शिक्षा आहे की लोक ब्लॉकवरचा नंबर घासून नवा ठोकतात. त्या काळी इंजिन खराब झालं तर दुसरं बसवणं ही रोजची गोष्ट होती. त्याच प्रकारचं, त्याच काळातलं इंजिन मालकाने स्वतःहून सांगितलं असेल तर थोडेच गुण कापा. ठोकलेला नंबर सापडला तर मात्र गाडी स्पर्धेतून बाद करा. नंबराच्या जागेवर ब्लॉक तासतानाच्या मूळ यंत्राच्या बारीक रेघा आहेत का, अक्षरांच्या खोलीत जुना मळ आहे का, हे भिंगातून दिसतं.

इंजिन चालू करून घ्या आणि तेही गरम झाल्यावर. एमजीबीचं उदाहरण पुन्हा घेतो: गरम इंजिनाचा ऑइल प्रेशर चालताना ५० ते ८० पीएसआय आणि आयडलला १० ते २५ असावा. एसयू कार्बोरेटर नीट लावलाय का, हे पाहायला एक मिनिटही लागत नाही. कार्बोरेटरच्या आतला पिस्टन वर उचलायची छोटी पिन असते, तिने पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन बंद पडायला लागलं तर कमी आहे. किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर मिश्रण बरोबर. तिन्ही आवाज इतके वेगळे असतात की एकदा ऐकले की विसरत नाहीत. हा कार्बोरेटर आरशासारखा घासलेला असेल आणि इंजिन बंद पडत असेल, तर गुण कशाचे?

टायरबद्दल एकच ओळ वाचा, बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुन्या नक्षीचे टायर आजही नव्याने बनतात, त्यामुळे नक्षीच्या अस्सलपणासाठी कडक झालेलं रबर माफ करायचं कारण उरलेलं नाही.

सुरक्षिततेसाठी केलेले आणि परत काढता येण्यासारखे बदलही गुणांच्या कापाकापीतून सोडवा. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटरच्या आत बसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले, अनलेडेड पेट्रोलसाठी बसवलेल्या कठीण व्हॉल्व्ह सीट. मूळ भाग डब्यात जपून ठेवला असेल, तर त्यात वाईट काय आहे? हे बदल गाडी रस्त्यावर ठेवतात.

शेवटी कागद. प्रत्येक मालकाकडून कामाची फाइल मागा. सोडवण्याआधीचे फोटो, कापलेल्या जागांचे फोटो, लेबल लावलेल्या पिशव्या, कंप्रेशनचे आकडे गरम इंजिनावर आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घेतलेले, प्रत्येक सिलिंडरचे वेगळे. ज्याने काम झाकलेलं नाही, त्याच्याकडे हे असतंच. शंभरांपैकी निदान वीस गुण या फाइलला, वीस सांगाड्याला आणि वीस चालत्या गाडीला द्या. बॉनेटच्या टोकावरच्या खडीच्या टवक्यांचे गुण कापणं आजपासून बंद करा. ते टवके पडायला गाडी रस्त्यावर जावी लागते.

पुढच्या स्पर्धेची गुणपत्रिका छापायला जाण्याआधी तिचा मसुदा आम्हाला दाखवलात, तर प्रत्येक मॉडेल कुठे सडतं आणि तिथे टॉर्च कशी धरायची, याची यादी आम्ही करून देऊ. जॅकही आम्हीच आणू.

आपले,
जुन्या स्पोर्ट्स कारवर काम करणारे कारागीर आणि हौशी